कोटणीसांच्या खात्यावर

निवृत्तीनंतर माणसे काय काय करतात ते मी चांगले पाहिले आहे. कोणी ज्येष्ठ नागरिक संघात बासरी शिकते, कोणी गोदाकाठी योगवर्ग घेते, कोणी सोसायटीचे सेक्रेटरी होऊन उरलेल्या आयुष्याची माती करून घेते. मी मात्र वयाची साठी उलटल्यावर नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका दुमजली इमारतीत, संध्याकाळी सहा ते साडेसात या वेळात, चिनी वैद्यकाच्या प्राथमिक वर्गाला जाऊन बसलो. निमित्त पत्नीच्या खांद्याचे होते. खांदा आखडला होता, हात डोक्यावर जात नव्हता, वेणी घालता येत नव्हती. व्यायाम आणि गोळ्या चालूच होत्या. कोणीतरी सुचवले म्हणून आम्ही सुया टोचून घ्यायला गेलो. खांदा हळूहळू मोकळा झाला. श्रेय सुयांचे किती आणि व्यायामाचे किती, यावर आमच्या घरी अजून एकमत नाही. पण ज्यांनी सुया टोचल्या त्या डॉक्टरांचा वर्ग चालतो हे कळले आणि फक्त ऐकायला बसण्याची परवानगी मी मागून घेतली. दुसऱ्याच्या अंगाला सुई लावायची नाही ही अट त्यांनी पहिल्याच दिवशी घातली. महाराष्ट्रात २०१५ साली अॅक्युपंक्चरचा स्वतंत्र कायदा झाला आहे, त्यामुळे हौशी माणसाने हात शिवशिवत असले तरी ते खिशात ठेवलेले बरे.

वर्गाच्या भिंतीवर दोन गोष्टी होत्या. एक, माणसाच्या देहाचा मोठा तक्ता, त्यावर रेघा आणि ठिपके. दुसरी, डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची तसबीर. पहिल्या तासाला सरांनी तसबिरीकडे हात करून सांगितले की ही विद्या भारतात आणणारे हे पहिले गृहस्थ. सगळ्यांनी वहीत लिहून घेतले. मीही लिहिले. घरी आल्यावर मात्र त्या वाक्यापाशी अडलो. तीसेक वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला जमा रक्कम चुकीच्या खात्यावर पडली की झोप लागत नाही.

कोटणीस मला नवे नव्हते. १९८६ ते ८९ ही तीन वर्षे माझी बदली सोलापूरला होती. घरमालकांच्या दूरदर्शन संचावर शेजारीपाजारी मिळून आम्ही शांतारामबापूंचा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' पाहिला. १९४६ सालचा तो चित्रपट, पण घरमालकांच्या आई पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. सोलापूरकरांना हा माणूस आपल्या गल्लीतला वाटतो. त्यांच्या बोलण्यात कोटणीस म्हणजे चीनला गेलेला आपला डॉक्टर, युद्धात राबराब राबलेला आणि तिकडेच संपलेला. सुयांचा उल्लेख त्या तीन वर्षांत मी एकदाही ऐकला नाही.

तेव्हा वर्ग चालू असतानाच मी कोटणीसांचे आयुष्य नव्याने वाचायला घेतले. एका हाताने चिनी वैद्यकाची बाराखडी आणि दुसऱ्या हाताने एका मराठी डॉक्टरचे चरित्र, असे ते सहा महिने गेले. दोन्ही अभ्यास एकमेकांत इतके मिसळले की आता वेगळे करता येत नाहीत.

सरांचा पहिला धडा होता यिन आणि यांग यांचा. हे दोन शब्द आता सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींपर्यंत पोहोचले आहेत, त्यामुळे सगळ्यांनी आधीच माना डोलावल्या. स्त्री आणि पुरुष, थंड आणि उष्ण, काळे आणि पांढरे. सरांनी ते सगळे बाजूला सारायला लावले आणि आम्हाला पांडवलेण्यांची आठवण करून दिली. त्रिरश्मी डोंगराची लेणी उत्तरेच्या अंगाला कोरलेली. भर उन्हाळ्यात दुपारी तिथे चढून गेले तरी ओवरीत गारवा असतो, आणि त्याच वेळी डोंगराची दक्षिणेकडची बाजू उन्हाने भाजून निघत असते. यिन या चिनी अक्षराचा मूळ अर्थ डोंगराची सावलीची बाजू, यांग म्हणजे उन्हाची बाजू. डोंगर एकच. बाजू कुठली ते सूर्य कुठे आहे त्यावर ठरते, आणि बाजू नुसतीच तोडून घरी नेता येत नाही. म्हणजे यिन हा पदार्थ नव्हे, शरीरात कुठे साठवलेला रस नव्हे. एका गोष्टीचे दुसरीशी असलेले नाते सांगणारा तो शब्द आहे. पोट पाठीच्या तुलनेत यिन, पण तेच पोट पायाच्या तुलनेत यांग ठरू शकते.

माझ्या शेजारी पंचवटीतल्या आयुर्वेद महाविद्यालयातून पदवी घेतलेली एक तरुण मुलगी बसत असे. ती प्रत्येक चिनी शब्दापुढे आयुर्वेदातला शब्द लिहीत जायची. यिन म्हणजे कफ, यांग म्हणजे पित्त, ची म्हणजे वात. महिन्याभराने तिची वही पाहण्यासारखी झाली होती. इतकी खाडाखोड माझ्या कादंबरीच्या पहिल्या खर्ड्यातही नसते.

हाच प्रश्न, वेगळ्या रूपात, कोटणीसांपुढे आला असला पाहिजे असे मला वाटते.

१० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात त्यांचा जन्म झाला. गिरण्यांचे गाव, मध्यमवर्गीय मराठी घर, भावाबहिणींचा मोठा गोतावळा. वैद्यकीय शिक्षण मुंबईत शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात. त्या काळी हे शिक्षण पुरे करणाऱ्या मुलाच्या घरी पुढचे सगळे ठरलेले असे. दवाखाना, पाटी, लग्न, आणि हळूहळू फिटणारे शिक्षणाचे कर्ज. कोटणीसांना पदव्युत्तर शिक्षणाची ओढ होती. तेवढ्यात १९३८ साल उजाडले. जपानने चीनवर मोठे आक्रमण केल्याला वर्ष होत होते. आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली होती. काँग्रेसचे अध्यक्ष त्या वर्षी सुभाषबाबू होते. वर्गणी गोळा झाली आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. देवेश मुखर्जी आणि डॉ. विजयकुमार बसू, आणि सर्वांत नवखे म्हणावे असे सोलापूरचे कोटणीस. आणखी महिन्याभराने त्यांना अठ्ठाविसावे वर्ष पुरे होणार होते.

१ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईच्या बंदरातून राजपुताना बोट सुटली. बोटीवर औषधांच्या पेट्या होत्या, शस्त्रक्रियेची हत्यारे होती. गुलामीत असलेल्या देशाने दुसऱ्या संकटात सापडलेल्या देशाला डॉक्टर पाठवावेत, ही गोष्ट आज पुस्तकात वाचताना सरळ वाटते. ज्या घरातून मुलगा गेला त्या घराचा विचार केला की तशी वाटत नाही.

पंधरवड्याने पथक कँटनला उतरले. तिथून हँको, मग चुंगकिंग. वरून जपानी बाँब पडत होते, खाली निर्वासितांचे लोंढे चालत होते. चुंगकिंगला असतानाच वडील गेल्याची बातमी कोटणीसांना मिळाली. परत फिरायला त्याहून मोठे कारण असू शकत नाही. ते परत फिरले नाहीत. घरी पत्रे लिहिली, पैशाची आणि धाकट्यांच्या शिक्षणाची काळजी दुरूनच केली, आणि पथकाबरोबर उत्तरेकडे निघाले. या निर्णयाची स्तुती करणारे खूप आहेत. मी घरातला थोरला मुलगा आहे, त्यामुळे मला ती स्तुती सहज जमत नाही. पण हेही खरे की मागे वळून न पाहणाऱ्याला मागचे दिसत नव्हते असे समजण्याचे कारण नाही.

चुंगकिंगलाच पाचही डॉक्टरांना चिनी नावे मिळाली. शांतिनिकेतनचे प्राध्यापक तान युन-शान यांनी सुचवले की प्रत्येकाच्या नावाला 'हुआ' हे अक्षर जोडावे. हुआ म्हणजे चीन. कोटणीसांचे झाले के दिहुआ. बोलताना लोक 'लाओ के' म्हणू लागले, आपल्याकडे कोटणीसदादा म्हणावे तसे.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. डोंगराच्या पिवळ्या मातीत कोरलेल्या गुहा, त्यांतच इस्पितळ, त्यांतच वर्ग, त्यांतच झोपायचे. मुखर्जी आणि चोळकर त्याच वर्षी परतले, अटल १९४० मध्ये. मागे राहिले दोघे, बसू आणि कोटणीस.

आता सरांच्या दुसऱ्या धड्याकडे येतो, कारण तो मला कोटणीसांच्या येनानमधल्या दिवसांशी जोडलेला वाटतो. दुसरा धडा 'ची'चा. या शब्दाचा खरा उच्चार 'छी'च्या जवळ जातो, पण मराठी वर्गात तो गंभीरपणे करणे कोणालाच जमले नाही, तेव्हा आम्ही 'ची'वर तडजोड केली. ची म्हणजे काय? ऊर्जा, असे सगळी पुस्तके सांगतात, आणि तिथेच विद्यार्थ्याचे वाटोळे होते. ऊर्जा म्हटले की वीज आठवते, वीज म्हटली की तार शोधावीशी वाटते, आणि शवविच्छेदनात तार सापडली नाही की सगळेच थोतांड वाटू लागते. सरांनी फळ्यावर ते अक्षर काढले. वर वाफेच्या लाटा आणि खाली तांदूळ. शिजत्या भातावरून उठणारी वाफ. ती दिसतेही आणि हातात येतही नाही, झाकण उचलते, आणि तांदूळ व विस्तव दोन्ही असल्याशिवाय होत नाही. ज्याने हे अक्षर पहिल्यांदा योजले तो स्वयंपाकघरात बसून विचार करणारा असावा.

मी हात वर करून विचारले की मग हिशेबात ते कुठे मांडायचे, प्राण म्हणून की वायू म्हणून? सर म्हणाले की कुठेच मांडू नका. मला ते बँकेच्या भाषेत लगेच समजले. रक्कम आली आहे पण कोणाची ते कळत नाही, अशा वेळी ती सस्पेन्समध्ये, म्हणजे उचंत खात्यात ठेवतात. घाईने कोणाच्या तरी नावावर जमा करणे हा कच्च्या कारकुनाचा उद्योग. ची हा शब्द मी उचंत खात्यात ठेवला. आश्चर्य म्हणजे त्यानंतरचे धडे सोपे गेले.

येनानला पोहोचलेला कोटणीस हा तरुण इंग्रजीतून शिकलेला, मुंबईच्या इस्पितळात घडलेला शल्यविशारद होता. त्याची हत्यारे, त्याची पुस्तके, त्याच्या शब्दांचा अर्थ, सगळे पश्चिमेचे. समोरचे जखमी शेतकरी-सैनिक, त्यांचे शब्द निराळे. दुभाष्याला मध्ये घालून दिवस काढता आले असते. कोटणीसांनी चिनी भाषा शिकायला घेतली, बोलायची तशीच वाचायची आणि लिहायचीही. थोड्याच काळात ते चिनी विद्यार्थ्यांना चिनीतून शस्त्रक्रिया शिकवू लागले. ज्याने तीनचार महिने ती अक्षरे गिरवून पाहिली आहेत त्यालाच यातले कष्ट कळतील. मी गिरवली आहेत. मला चाळीसएक येतात, तीही रविवारी विसरतात.

१९४० च्या उन्हाळ्यात बसू आणि कोटणीस वूताई पर्वताच्या परिसरातल्या आघाडीवरील मुलखात गेले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांनी तिथे आधीच काम उभे केले होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला जखम होऊन रक्तात विष भिनले आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते वारले होते. त्यांच्या समाधीपाशी जमलेल्या लोकांत बेथून यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत परिचर्या शिकवणारी एक तरुणी होती, कुओ छिंग-लान. पुढे १९४१ च्या अखेरीस तिचा आणि कोटणीसांचा विवाह झाला. बसू येनानला परतले. कोटणीस तिथेच राहिले आणि जानेवारी १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले.

रुग्णालय म्हटल्यावर डोळ्यांपुढे इमारत येते. तशी ती नव्हती. होपेई प्रांतातल्या तांग तालुक्यात को-कुंग नावाच्या खेड्यात शाळा आणि इस्पितळ शेतकऱ्यांच्या घरांतून विखुरलेले होते. शत्रू जवळ आला की सगळे खेचरांवर लादून डोंगरात पळायचे. एका मोठ्या मोहिमेत सलग बहात्तर तास ते शस्त्रक्रिया करत उभे होते आणि तेरा दिवसांत आठशेंवर जखमी हाताखालून गेले, असे त्यांच्याबद्दल सांगितले जाते. त्यांचा सावळा वर्ण आणि जखमींना भरवण्याची रीत पाहून तिथल्या लोकांनी त्यांना दिलेल्या एका नावाचा अर्थ होतो, काळी आई. चिनी खेडुतांना माहीत असायचे कारण नाही, पण आमच्या सोलापूरकडचा शेतकरी आपल्या जमिनीला याच दोन शब्दांनी हाक मारतो.

जपानी नाकेबंदीमुळे त्या मुलखात बाहेरची औषधे येईनाशी झाली होती. भुलीचे औषध जपून, कापूस धुऊन पुन्हा, आणि जिथे जमेल तिथे स्थानिक जडीबुटी. पश्चिमी वैद्यक शिकलेले आणि परंपरेने आलेले वैद्य यांच्यात चीनमध्ये तेव्हा विस्तव जात नव्हता. १९२९ साली तर जुने वैद्यक कायद्याने बंदच करावे असा प्रस्ताव तिथे आला होता. युद्धाने दोघांना एका छपराखाली आणले. १९४४ मध्ये येनानच्या नेतृत्वाने दोन्ही वैद्यांनी मिळून काम करावे असे धोरण जाहीर केले. चू ल्येन नावाच्या, पश्चिमी वैद्यक शिकलेल्या स्त्री डॉक्टरने एका वृद्ध वैद्याकडून सुया टोचणे शिकून घेतले आणि १९४५ मध्ये येनानच्या, बेथून यांचेच नाव असलेल्या रुग्णालयात अॅक्युपंक्चरचा विभाग सुरू झाला. १९५१ मध्ये तिचे पुस्तक आले. आज जगभर ज्याला पारंपरिक चिनी वैद्यक म्हणून शिकवतात त्याची पाठ्यपुस्तके, अभ्यासक्रम आणि परीक्षा १९५० च्या दशकातल्या आहेत. १९५६ साली सरकारने चार शहरांत त्याची महाविद्यालये काढली. ग्रंथ दोन हजार वर्षांपूर्वीचे, पण शिकवण्याची पद्धत आमच्या बँकेच्या लेजरपेक्षाही नवी.

आणि कोटणीस? ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले. अपस्माराचे झटके येत होते. विश्रांती घ्या, बाहेर जाऊन उपचार घ्या असे लोक सांगत होते आणि ते शस्त्रक्रियेवरचे पाठ्यपुस्तक चिनी विद्यार्थ्यांसाठी लिहीत बसले होते. पहिले पुरे झाले होते, दुसरे अर्धे राहिले. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा. त्याचे नाव यिन्हुआ. मला आधी वाटले यातला यिन म्हणजे आमच्या पहिल्या धड्यातला सावलीचा यिन, आणि त्यावर मी मनातल्या मनात एक सुंदर परिच्छेदही रचला. सरांनी तो मोडला. हा यिन वेगळा, त्याचे अक्षर वेगळे, स्वर वेगळा. हा यिन म्हणजे इंदू, भारत. भारत आणि चीन मिळून यिन्हुआ. कादंबरीकाराच्या हातून असे गुन्हे घडत असतात.

म्हणजे हिशेब सरळ आहे. येनानच्या रुग्णालयात सुयांचा विभाग सुरू झाला तेव्हा कोटणीसांना जाऊन दोन वर्षे उलटली होती. ते शल्यविशारद होते, त्यांनी शिकवली ती शस्त्रक्रिया, लिहिले ते शस्त्रक्रियेवर. भिंतीवरच्या तसबिरीखालची नोंद चुकीच्या खात्यावर पडली होती.

बरोबर खाते डॉ. विजयकुमार बसूंचे. १९४३ मध्ये ते भारतात परतले आणि कलकत्त्यात काम करू लागले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले असता त्यांच्या जुनाट सायनसच्या दुखण्यावर तिथे सुयांनी उपचार झाले आणि गुण आला. तेव्हा वयाच्या पंचेचाळिशीनंतर, हाताशी दीर्घ अनुभव असताना, हा डॉक्टर पुन्हा विद्यार्थी होऊन बसला. १९५९ पासून त्यांनी कलकत्त्यात अॅक्युपंक्चर सुरू केले. तीन वर्षांत सीमेवर युद्ध झाले. १९६२ नंतर चिनी या विशेषणाची कोणतीही गोष्ट भारतात करणे किती अवघड झाले असेल याची कल्पना करावी. बसूंनी ती चालू ठेवली, शिष्य तयार केले. १९७० च्या दशकात बंगालमध्ये आणि पुढे लुधियान्यापर्यंत जे दवाखाने निघाले त्यांवर नाव मात्र बसूंचे नव्हते. त्यांनीच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दिले होते, आपल्या गेलेल्या मित्राचे. डॉ. कोटणीस. बसू १९८६ मध्ये वारले.

ही चूक नव्हे, ही बदली नोंद आहे, हे मला इथे कळले. खातेदाराने स्वतः, स्वतःच्या सहीने, आपली रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर वळती केली होती. तरीही पासबुकात दोन्ही नावे दिसायला हवीत, असे माझे मत आहे.

वर्गातला तिसरा महिना अवयवांचा होता आणि तिथे आमची सर्वांत मोठी पंचाईत झाली. चिनी वैद्यकात यकृत रागाशी जोडलेले, डोळ्यांशी आणि स्नायुबंधांशी जोडलेले. मूत्रपिंडात भीती आणि हाडांचे बळ. वर्गातल्या फिजिओथेरपिस्ट तरुणाने वही मिटली. त्याचे म्हणणे चूक नव्हते, यकृत काय करते हे शरीरशास्त्राने नीट शोधून काढले आहे. मला मात्र आपल्या भाषेतला एक शब्द आठवला, काळीज. खाटकाच्या दुकानात कलेजी म्हणजे यकृतच. आणि आपण मराठी माणसे काळीज धडधडले म्हणतो, काळजाचा ठोका चुकला म्हणतो, पाषाणकाळजाचा म्हणतो. यकृताला ठोके नसतात हे माहीत असूनही कोणी गोंधळत नाही. एखाद्याचे पित्त खवळले म्हटले तर त्याला कोणी अँटासिड देत नाही. बोलणारा आणि ऐकणारा दोघांनाही ठाऊक असते की तो शब्द शरीरशास्त्राच्या पुस्तकातला नव्हे. चिनी वैद्यकातले यकृत तसे वाचावे लागते. अडचण एवढीच की काही काळाने वैद्यच ते विसरतो आणि कलेजी व काळीज एकच समजू लागतो. रक्ततपासणीत कावीळ निघालेल्या माणसाला राग आवरायला सांगून चालत नाही.

पंचतत्त्वांचेही तसेच. लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. आपली पंचमहाभूते वेगळी. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही द्रव्ये आहेत, देह त्यांचा बनलेला आहे. चिनी पाच ही एकापाठोपाठ येणारी अवस्था आहेत, ऋतूंसारखी. लाकूड अग्नीला वाढवते, राखेची माती होते, मातीत धातू सापडतो, थंड धातूवर पाणी जमते, पाण्यावर झाड वाढते. उलट बाजूने पाणी आग विझवते, आग धातू वितळवते, धातू झाड तोडतो, झाडाची मुळे माती फोडतात, माती पाणी अडवते. कोण कोणाला पोसते आणि कोण कोणाला आवरते याचे ते कोष्टक आहे. शेजारच्या मुलीने पंचमहाभूतांशी जोड्या लावण्याचा नाद इथे सोडला.

एका ठिकाणी मात्र तिची जोडी जुळली. सुईची जागा मोजायचे माप चुन, म्हणजे अंगठ्याच्या सांध्यापाशी असलेली रुंदी, आणि तीही त्या रुग्णाच्याच अंगठ्याची. चरकानेही देह मोजायला ज्याचे त्याचे अंगुळच सांगितले आहे. फूटपट्टी सगळ्यांना एकच, पण अंगठा प्रत्येकाचा स्वतःचा. आंतरराष्ट्रीय यादीत आता अशी ३६१ ठिकाणे आहेत, चौदा मार्गांवर. या मार्गांचे अस्तित्व देहात दाखवता आलेले नाही. जुनाट पाठदुखी, गुडघेदुखी, डोकेदुखी यांत सुयांनी काहीसा आराम पडतो असे मोठ्या अभ्यासांतून दिसले आहे. पण सुई ठरल्या ठिकाणी टोचली काय आणि जरा बाजूला टोचली काय, फरक थोडाच पडतो, हेही त्याच अभ्यासांत दिसले. सरांनी हे वर्गात स्वतः सांगितले याबद्दल माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

जुना शब्द जसा आहे तसा वाचला तर काय हाती लागते, याचे एक उदाहरण त्यांनी दिले ते इथे सांगितलेच पाहिजे. १९७० च्या सुमारास हिवतापावर औषध शोधताना थू योयो या चिनी संशोधिकेला छिंगहाओ या वनस्पतीचा अर्क कधी लागू पडे, कधी पडत नसे. चौथ्या शतकातल्या को हुंग याच्या ग्रंथात ती वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस घ्यावा असे होते. उकळावी असे नव्हते. काढा म्हणजे उकळणे हे सगळ्यांनी धरूनच चालले होते. थू योयोंनी कमी तापमानाला अर्क काढला आणि आर्टेमिसिनिन मिळाले. त्यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा अर्क पुढे प्रयोगशाळेत तपासला गेला, माणसांवर तपासला गेला, तेव्हा ते औषध झाले, हेही त्याच दमात सांगायला सर विसरले नाहीत.

कोटणीसांच्या घरच्यांची पुढची हकिकत थोडक्यात. छिंग-लान अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या, आणि २०१२ मध्ये चीनमध्येच वारल्या. यिन्हुआ वडिलांच्या मार्गाने वैद्यकीय शिक्षण घेत होता. १९६७ मध्ये, शिक्षण संपत आले असताना, उपचारांतल्या चुकीमुळे तो गेला. पंचवीस वर्षांचाही नव्हता. कोटणीसांचे अवशेष आता शिच्याच्वांग शहरातल्या हुतात्म्यांच्या उद्यानात आहेत, बेथून यांच्या जवळच. चीनने १९८२ मध्ये त्यांच्या नावे तिकीट काढले, आपण १९९३ मध्ये. सोलापुरातले स्मारक २०१२ मध्ये उभे राहिले. माझी बदली होऊन तेव्हा तेवीस वर्षे झाली होती.

सहा महिन्यांनी वर्गाची लेखी परीक्षा झाली. मी नुसता ऐकणारा, तरी पेपर मागून घेतला. भारतात अॅक्युपंक्चर कोणी आणले, हा प्रश्न एका गुणाला होता. मी डॉ. विजयकुमार बसू लिहिले आणि बाजूला तीन ओळी जोडल्या. पेपर परत आला तेव्हा त्या प्रश्नापुढे गुण नव्हता, चूकही नव्हती, प्रश्नचिन्ह होते. सरांशी बोललो. ते उतरत्या आवाजात म्हणाले की त्यांच्या गुरूंनी त्यांना असेच शिकवले होते. मग त्यांनी ते वर्ष, ती नावे माझ्याकडून लिहून घेतली.

बसूंची एकट्याची तसबीर मला मिळाली नाही. १९३८ सालच्या पाच जणांच्या पथकाचा एक जुना फोटो एका पुस्तकात होता, त्याची झेरॉक्स काढून दिली. ती आता तसबिरीखाली, तक्त्याच्या कडेला चिकटपट्टीने लावली आहे. फोटोत कोण कोणता ते खाली पेनने लिहिले आहे, पण पावसाळ्यात भिंतीला ओल येते आणि उजवा कोपरा सुटतो, तेव्हा आल्यावर मी तो अंगठ्याने दाबून बसतो.